एक माणूस, चार खाती

शिंदखेडा तालुक्यातलं सगळ्यात मोठं गाव दोंडाईचा. मिरचीचा बाजार इथे, स्टार्चचा कारखाना इथे, सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन इथे, नगरपालिकाही इथेच. तालुक्याचं ठिकाण मात्र शिंदखेडा आणि जिल्ह्याचं धुळे. शिंदखेडा निदान त्याच रेल्वेमार्गावर आहे. धुळ्याला रेल्वेनं जायचं म्हटलं तर जळगाव-चाळीसगावचा वळसा पडतो, म्हणून एसटीच धरावी लागते. डोळसाला या भूगोलाचं काही वाटत नाही. अंध माणसाला मात्र तो पावलोपावली मोजावा लागतो. अनुदान हवं तर महसूल खातं, म्हणजे तहसील. अंधत्वाचा दाखला हवा तर आरोग्य खातं, म्हणजे धुळ्याचं सरकारी रुग्णालय. मुलाला अंधशाळेत घालायचं तर जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग. गावातल्याच शाळेत शिकवायचं तर शिक्षण विभाग. एका माणसासाठी चार खाती, आणि एका खात्याचं रजिस्टर दुसऱ्याला ठाऊक नसतं.

ही रचना कुणी एकानं बसून आखलेली नाही. दुष्काळ, महायुद्ध, परदेशी कर्ज, मोर्चे आणि निवडणुका यांच्या धक्क्यांनी ती तुकड्यातुकड्यानं उभी राहिली. प्रत्येक तुकडा त्या त्या वेळच्या अडचणीला उत्तर म्हणून आला, आणि अडचण सरल्यावरही तिथेच राहिला.

सरकारच्या कागदावर खानदेशातला अंध माणूस पहिल्यांदा आला तो मोजणीसाठी. 1881 च्या जनगणनेत व्यंगांचा रकाना होता. वेड, मूकबधिरत्व, महारोग आणि अंधत्व या चार गोष्टी त्यात लिहायच्या. गणकाला सूचना अशी, की दोन्ही डोळ्यांनी दिसत नसेल तोच अंध धरावा, एका डोळ्यानं अधू असलेल्याची नोंद करू नये. ही सूचना लक्षात ठेवावी, कारण तिची सावली आजच्या दाखल्यावरही पडलेली आहे. मोजून सरकार काही देणार होतं, अशातला भाग नव्हता. शेती किती, गुरं किती, तसे आंधळे किती.

द्यायची वेळ आली ती दुष्काळात. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांचं मुख्य सूत्र साधं होतं: अंगात बळ आहे त्यानं खडी फोडावी, तळी खणावी, रस्त्यावर माती टाकावी आणि मजुरी घ्यावी. ज्यांच्यानं काम होणारच नाही, अशांना तेवढी फुकट मदत. त्यात वेडे, पांगळे, आंधळे, म्हातारे आणि आजारानं खंगलेले लोक धरले होते. या लोकांच्या याद्या गावपातळीवर व्हायच्या, वरचे अधिकारी त्या तपासायचे. पाटलाच्या चावडीत आंधळ्याचं नाव लिहिलं गेलं ते असं, काम न होणाऱ्यांच्या यादीत.

1899-1900 साली, संवत 1956 चा म्हणून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिलेला दुष्काळ पडला. गुजरातबरोबर खानदेशही त्यात होरपळला. तापी खोऱ्यातून सुरतेकडून येणारी रेल्वे त्याच सुमारास सुरू होत होती. धान्य आणायला नवा मार्ग झाला, पण ते विकत घ्यायला लोकांजवळ पैसा नव्हता. 1 मार्च 1901 ला पुन्हा जनगणना झाली तेव्हा हिंदुस्थानातल्या अंधांचा आकडा 1891 मधल्या सुमारे 4 लाख 59 हजारांवरून 3 लाख 54 हजारांवर आलेला दिसला. मोजणीच्या पद्धतीतला फरक त्यात असेलच. पण एक तपही न उलटता लाखभर अंध कमी झाले ते काही त्यांना दृष्टी आली म्हणून नव्हे. चावडीवरच्या यादीनं सगळ्यांना तारलं नाही, एवढं त्यातून निश्चित कळतं.

त्याच दुष्काळानं दुसरी गोष्ट घडवली. अमेरिकन मराठी मिशननं मुंबईत दुष्काळातली अनाथ मुलं सांभाळायला घेतली, त्यांत आंधळीही होती. मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी 1900 साली त्यांच्यासाठी शाळा सुरू केली. हीच पुढे दादरची अंधशाळा. मराठी मुलखात अंध मूल बोटांनी वाचायला शिकलं ते इथून. व्हिक्टोरिया राणीच्या निधनानंतर तिच्या स्मारकाची वर्गणी गोळा झाली आणि 1902 मध्ये ताडदेवला दुसरी शाळा निघाली. तिच्यामागे डॉ. नीलकंठराय छत्रपती होते, स्वतः दृष्टी गेलेले डॉक्टर. पुण्याला अंधशाळा यायला 1934 साल उजाडलं, तीही डॉ. शंकरराव माचवे यांच्या खटपटीनं. या सगळ्या शाळा खासगी होत्या. सरकारनं फार तर अनुदानाचा तुकडा टाकायचा आणि तपासणीला माणूस पाठवायचा. काम संस्थेनं करावं आणि सरकारनं पैसे द्यावेत, ही आजही महाराष्ट्रातल्या विशेष शाळांची रीत आहे, आणि तिचं मूळ इथे आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1920 मध्ये इंग्लंडात अंध कामगारांनी लंडनवर पायी मोर्चा नेला. त्याच वर्षी तिथल्या पार्लमेंटनं अंधांसाठी कायदा केला. इतरांना सत्तरीला मिळणारं पेन्शन अंधांना पन्नाशीला मिळू लागलं, आणि आपल्या हद्दीतल्या अंधांची काळजी घेणं स्थानिक मंडळांवर बंधनकारक झालं. राज्यकर्ते तेच होते. इकडे मात्र अंधाचं नाव सरकारला आठवायचं ते पाऊस गेला की, किंवा दहा वर्षांनी गणक दारात आला की. 1931 नंतर तोही रकाना गेला, आणि पुन्हा आला तो थेट 1981 मध्ये.

सरकार हललं ते दुसऱ्या महायुद्धात, तेही आपल्याच कामासाठी. आघाडीवर दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी 1943 मध्ये डेहराडूनला वसतिगृह काढलं गेलं. त्या कामावर सर क्लूथा मॅकेन्झी आले. ते न्यूझीलंडचे, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत स्वतः आंधळे झालेले. 1944 मध्ये हिंदुस्थानातल्या अंधत्वावर सविस्तर अहवाल निघाला, त्यामागे त्यांची मेहनत होती. अंधांची संख्या 20 लाखांच्या घरात असावी असा त्यात अंदाज होता, आणि ही जबाबदारी सरकारनं अंगावर घ्यावी असं स्पष्ट म्हटलेलं होतं. 1947 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयात एक छोटा कक्ष उघडला. लाल अडवाणी हे अंध अधिकारी त्यात रुजू झाले आणि पुढची कित्येक वर्षं दिल्लीतला अंधांचा कारभार त्यांच्या टेबलावरून चालला. 1950 मध्ये डेहराडूनला प्रौढ अंधांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. 1951 मध्ये तिथेच ब्रेल छापखाना निघाला. त्याच वर्षी सगळ्या भारतीय भाषांसाठी मिळून भारती ब्रेल ठरलं, नाहीतर तोवर निरनिराळ्या शाळांत निरनिराळ्या लिप्या चालत होत्या आणि एका शाळेतलं पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येत नव्हतं.

राज्यघटनेत मात्र जुनी चावडी पुन्हा डोकावली. अपंग आणि काम करण्यास अक्षम अशा लोकांना साहाय्य, ही बाब राज्यांच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेली. साहाय्याचा हक्क कलम 41 मध्ये आला खरा, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. म्हणजे डेहराडूनची संस्था दिल्लीची आणि दोंडाईचाचा माणूस मुंबईचा. मुंबई राज्यानं 1959 मध्ये त्याच्यासाठी जो ठळक कायदा केला तो भीक मागण्याविरुद्धचा. भीक मागताना पकडलेला माणूस आंधळा, पांगळा किंवा कायमचा असहाय असेल तर त्याला बेमुदत डांबून ठेवण्याची सोय त्यात आहे. शाळा मूठभर, पेन्शन नाही, नोकरी नाही, आणि स्टेशनवर हात पसरला तर कोठडी.

1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. समाजकल्याणाचा कारभार जिल्ह्यात उतरला आणि अंधशाळांची अनुदानं त्या टेबलावरून जाऊ लागली. तेव्हाचा धुळे जिल्हा अक्कलकुवा-धडगावपर्यंत पसरलेला. सातपुड्यातल्या अंध मुलाच्या बापाला शाळेची चौकशी करायला डोंगर उतरून, तापी ओलांडून धुळ्याला यावं लागे. नंदुरबार वेगळा जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडला.

आरोग्य खात्याची वाट याला समांतर चालली, पण कुठे मिळाली नाही. त्या खात्याला अंध माणसाशी कर्तव्य नव्हतं, अंधत्वाशी होतं. हा फरक समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. खुपऱ्या आवरायला 1963 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. 1970 पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस सुरू झाले, कारण रातांधळेपणातून बुबुळ जाऊन मुलं कायमची आंधळी होत. देवीच्या रोगानं किती डोळ्यांत फूल पाडलं याचा तर हिशेबच नाही. 1975 मध्ये देशातली देवीची शेवटची लागण झाली आणि अंधत्वाचं एक जुनं दार बंद झालं. 1976 मध्ये सगळ्याला मिळून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला, पूर्ण केंद्राच्या पैशातून.

उरला मोतीबिंदू. 1986 ते 1989 च्या राष्ट्रीय पाहणीत लोकसंख्येच्या 1.49 टक्के लोक अंध आढळले, आणि त्यांतल्या दर पाचांतले चार मोतीबिंदूचे. म्हणजे आपल्याकडचे बहुतेक आंधळे शस्त्रक्रियेअभावी आंधळे होते. त्या काळचं नेत्रशिबिर ज्यानं पाहिलं असेल त्याला ते विसरता येणार नाही. दिवाळी उरकली, कापूस घरात आला, की शिबिरं लागत. थंडीत जखम चिघळत नाही अशी लोकांची समजूत, आणि शेतीची कामंही हलकी झालेली. शाळेचे किंवा धर्मशाळेचे वर्ग रिकामे करून जमिनीवर सतरंज्या, त्यावर ओळीनं म्हातारे-म्हाताऱ्या, डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलवायचं नाही असा दम. सोबत आलेली सून किंवा नातू उशाशी. मोतीबिंदू पिकला असेल तरच डॉक्टर हात लावणार, म्हणून वर्ष-दोन वर्षं आंधळेपणात काढूनच लोक आलेले. नैसर्गिक भिंग काढून टाकत, त्याच्या जागी काही बसवत नसत. मग महिन्या-दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा मिळे. त्यातून समोरचं मोठं दिसे आणि कडेचं दिसतच नसे. विहिरीच्या काठावर तो चष्मा घालून जाणं धोक्याचं. तो फुटला की दृष्टीही गेली. नवा कोण आणून देणार?

हे बदललं ते कर्जानं. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या पैशातून सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. सुमारे 1 कोटी 10 लाख शस्त्रक्रियांचं लक्ष्य होतं, प्रत्यक्षात दीड कोटीवर झाल्या. आकड्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिबिरातलं टेबल उचलून रुग्णालयात नेलं गेलं. गावात फक्त तपासणी करायची, रुग्णाला गाडीनं न्यायचं, डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायचं आणि परत आणून सोडायचं. जिल्ह्याजिल्ह्यात अंधत्व नियंत्रण सोसायट्या झाल्या, जिल्हाधिकारी त्यांचे अध्यक्ष. संस्थांना शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम मिळू लागली. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी बसू लागला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून डॉ. तात्याराव लहाने यांनी खेड्यापाड्यांत हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं आणि 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2015 ते 2019 च्या पाहणीत अंधत्वाचं प्रमाण 0.36 टक्क्यांवर आलेलं दिसतं. मधल्या काळात, 2017 मध्ये, अंधत्वाची व्याख्या कडक केली गेली. सहा मीटरवरून बोटं मोजता येत नसतील तो अंध, याऐवजी तीन मीटरची कसोटी लावली, त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची सरळ वजाबाकी करू नये. तरीही माझ्या मते अंधांच्या बाबतीत आपल्या राज्यव्यवस्थेला खऱ्या अर्थानं जमलेलं हे एकमेव काम. ते जमलं, कारण एक खातं, एक शस्त्रक्रिया आणि एक हिशेब होता. ज्यांचा डोळा कुठल्याही शस्त्रक्रियेनं येणार नव्हता, त्यांची या खात्याशी गाठ पडायची ती दाखल्यापुरती.

त्यांच्यासाठी महसूल खातं पुढे आलं. जून 1980 मध्ये अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. त्याच महिन्यात संजय गांधींचं विमान अपघातात निधन झालं. 2 ऑक्टोबरला त्यांच्या नावानं निराधार अनुदान योजना सुरू झाली. नावामागचं राजकारण उघड होतं, आणि तेव्हा त्यावर टीकाही झाली. पण माझं मत विचाराल तर खेड्यातल्या अंधासाठी सरकारनं केलेली ही पहिली सरळ गोष्ट: दर महिन्याला रोख. यादी पुन्हा गावातूनच सुरू झाली, पाटलाच्या जागी तलाठी आला. तलाठ्याचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचा दाखला, मग तालुक्याची समिती. समितीवर कोण बसतं याला गावाच्या राजकारणात वजन आहे, हे शिंदखेड्यातच काय, राज्यातल्या कुठल्याही तहसिलीत विचारून पाहावं. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला. आंधळा आहे हे एकदा पटवून भागतं, जिवंत आहे हे मात्र वर्षावर्षाला पटवावं लागतं. दोंडाईचाला पुढे अपर तहसील कार्यालय झालं, तेवढा शिंदखेड्याचा हेलपाटा कमी झाला. रक्कम रखडत रखडत वाढली. 2023 मध्ये ती दीड हजार झाली, आणि 2025 मध्ये दिव्यांगांपुरती अडीच हजार.

दरम्यान अंध माणसं स्वतः बोलू लागली होती. 1977 मध्ये केंद्रानं खालच्या दोन श्रेणींच्या नोकऱ्यांत अपंगांना 3 टक्के जागा राखल्या, पण त्या भरल्या जाईनात. 16 मार्च 1980 ला दिल्लीत अंधांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि देश हादरला. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अंध उमेदवाराला ब्रेलमधून किंवा लेखनिकाच्या मदतीनं केंद्रीय लोकसेवेची परीक्षा देता आली. 1995 च्या कायद्यानं आरक्षण पक्कं केलं, त्यात 1 टक्का दृष्टिहीनांसाठी. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की टक्केवारी सगळ्या जागांवर मोजायची, सोयीच्या जागा निवडून नव्हे. 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार 21 केले आणि आरक्षण 4 टक्के. त्याच वर्षी, उत्तीर्ण होऊनही, उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना पूर्ण अंध म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेत घेतलं गेलं नाही. काम न होणाऱ्यांची यादी अशी शतकाहून अधिक काळ टिकली. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, 124 व्या आल्या आणि 2019 मध्ये तिरुअनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. खानदेशात अशी तयारी करून घेण्याचं काम जळगावच्या दीपस्तंभ संस्थेच्या मनोबल प्रकल्पानं अंगावर घेतलं. पुन्हा संस्थाच पुढे.

1995 च्या कायद्याचा खेड्यातला खरा परिणाम म्हणजे दाखल्याची किंमत वाढली. एसटीची सवलत, रेल्वेची सवलत, अनुदान, आरक्षण, लेखनिक, सगळं त्या एका कागदावर. किमान 40 टक्के अपंगत्व हवं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर नियमानं टक्के मिळतात 30, म्हणजे हाती काहीच नाही. 1881 च्या गणकाला दिलेली सूचना इथे पुन्हा भेटते. आता हा कागद देशभर चालणाऱ्या वैश्विक ओळखपत्राच्या रूपात येतो. अर्ज मोबाइलवरून भरता येतो. तपासणीला मात्र नेत्रतज्ज्ञ असेल तिथेच जावं लागतं, आणि सोबतच्या माणसाची मजुरी त्या दिवशी बुडते ती कुठल्याही हिशेबात येत नाही. मधूनच कुठे बनावट दाखल्यांचं प्रकरण गाजलं की फेरतपासणीचा हुकूम सुटतो, आणि खोटा माणूस सापडो न सापडो, खरा अंध पुन्हा रांगेत उभा राहतो.

चार खाती एका छपराखाली आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. 2000 मध्ये पुण्यात स्वतंत्र अपंग कल्याण आयुक्तालय झालं. 3 डिसेंबर 2022 ला महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणासाठी वेगळा विभाग जाहीर केला. मंत्रालयात सचिव आला, पुण्यात आयुक्त होतेच. पण अनुदान अजून तहसिलीत, दाखला रुग्णालयात आणि वर्गातली मदत शिक्षण विभागात. वरची दारं एक झाली तरी खालची वेगवेगळीच आहेत.

त्यातल्या त्यात एक गोष्ट मात्र अगदी दाराशी आली आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लोकांना ठाऊक आहे. ग्रामपंचायत असो की नगरपालिका, आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के तिनं दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. पूर्वी हे प्रमाण 3 टक्के होतं. हा पैसा ना धुळ्याहून यायचा ना मुंबईहून, तो आपण भरलेल्या घरपट्टी-पाणीपट्टीतलाच आहे. त्यासाठी पंचायतीकडे गावातल्या दिव्यांगांची नोंद असावी लागते. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा: गेल्या वर्षी हे 5 टक्के किती झाले, आणि यादीत कोणाकोणाची नावं आहेत? शेजारच्या अंध माणसाचं नाव त्यात नसेल तर तिथल्या तिथे घालून घ्या.